भिंतीतल्या पिंपळाला विचारून

माझ्या खाटेच्या उशाशी भिंतीला एक तडा होता. पावसाळ्यात मी तिथे राहायला आले तेव्हा त्यात नखही शिरत नव्हते. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यात पोस्टकार्ड उभे राहू लागले. घरून आलेले कार्ड मी तिथेच खोचून ठेवायची. एका दुपारी ते काढायला गेले तर आत निसटून गेले. बोट घालून पाहिले तेव्हा कार्डाऐवजी हाताला काहीतरी गार, ओलसर आणि जाड लागले. मी हात झटकन मागे घेतला. ते पिंपळाचे मूळ होते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, काशीतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नव्हते. वडील वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आई चौथी शिकलेली. बी.ए.ला इतिहासात बरे गुण पडले तेव्हा आमच्या कॉलेजातल्या बाई आपण होऊन घरी आल्या. वडिलांना म्हणाल्या, "हिला काशीला पाठवा. तिथे माझे नातलग आहेत. पोरगी घरात राहील, वसतिगृहात नाही." वडिलांनी फक्त एकच विचारले, "घरात देवधर्म आहे ना?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "जरा जास्तच आहे." त्या दिवशी बाई आमच्या पायऱ्या चढल्या नसत्या तर मी आज हे लिहीत नसते.

त्या नातलगांचे घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत होते. काका खालच्या खोलीत मुलांना वेद शिकवत आणि यजमानांकडे पूजा-श्राद्धे सांगायला जात. काकू घर बघत. त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. मराठी घरात टिकून होती, पण तिच्यात हिंदी चांगली मुरली होती. "जल्दी ये गं, चाय थंडी होतेय," असे काकू म्हणायच्या आणि त्यात त्यांना काही वेगळे वाटत नसे. त्यांना एकच मुलगी, लग्न करून जबलपूरला दिलेली. तिचीच खोली मला मिळाली होती. घरात उजेडाची, खिडकीची अशी ती एकच खोली.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध लिहायचा होता. मी घाटांवर काहीतरी लिहावे असे ठरवून सरांकडे गेले. सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "घाट, घाट, घाट. हर साल वही. तुम इतनी दूर से आई हो, तो थोड़ी और दूर जाओ. रोम पढ़ो." आणि त्यांनी विषय दिला: प्राचीन रोमन धर्मातले पवित्र वृक्ष.

मी ऑलिव्ह चाखले नव्हते, ओकचे झाड पाहिले नव्हते. शब्दकोश मांडीवर घेऊन मी रोज ग्रंथालयात बसायची. पण जसजसे वाचत गेले तसतसे जे सापडले ते मला ओळखीचे वाटू लागले. तिथे ओक हा ज्युपिटरचा. भर बाजारपेठेत एक अंजिराचे झाड, ज्याच्या पूर्वजाखाली म्हणे लांडगीने त्या शहराच्या संस्थापकाला दूध पाजले. ते सुकू लागले की अख्ख्या शहराला धास्ती, आणि पुन्हा कोंब फुटला की सुटकेचा निःश्वास. देवराईत शिरायचे, फांदी तोडायची, तर आधी तिथल्या देवतेला विचारायचे. ती कोण हे ठाऊक नसेल तर तसे सांगूनच विचारायचे: तू देव असशील किंवा देवी असशील, जे कोणी असशील ते. हे वाचताना मला आमच्या गावाबाहेरचा म्हसोबा आठवला. त्याच्या जागेतले वाळलेले लाकूडही कोणी चुलीत घालत नसे.

पहिले प्रकरण वाचून सरांनी समासात एकच ओळ लिहिली: 'विचारत असत हे कळले. होकार मिळाला हे त्यांना कसे कळे?' त्या ओळीने मला पुढचे सगळे महिने स्वस्थ बसू दिले नाही.

मूळ सापडल्याचे मी काकूंना सांगितले तेव्हा त्या कणीक मळत होत्या. हात थांबले नाहीत. "आत आलं का? मला वाटलंच होतं," एवढेच म्हणाल्या. मग हात धुऊन मला खाली गल्लीत घेऊन गेल्या आणि वर बोट दाखवले. आमच्या खोलीच्या बाहेरच्या अंगाला, गच्चीच्या कठड्याखाली, भिंतीतून पिंपळ आडवा बाहेर आला होता. चांगला माझ्या उंचीचा. त्याच्या खालून माणसे घाटाकडे जात-येत होती. भिंत मधोमध फुगलेली गल्लीतून स्पष्ट दिसत होती.

"पोट आलंय भिंतीला," काकू म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या आधी हिचेच दिवस भरायचे."

मुलगी गरोदर होती. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून ती माघात येणार होती. तिला याच खोलीत ठेवायचे होते. खालची खोली पाठशाळेची, अंधारी आणि ओल धरलेली; तिच्यामागची कोठी पोथ्यांच्या कपाटांनी भरलेली. स्वयंपाकघरात चूल आणि देवघर. दुसरी जागाच नव्हती. म्हणजे माघाच्या आत भिंत नीट व्हायला हवी होती, आणि भिंत नीट करायची तर पिंपळ काढायला हवा होता.

काकांपुढे हा विषय निघाला की ते पंचा उचलून पंचगंगा घाटावर स्नानाला निघत. एकदा काकूंनी दार अडवले.

"आज बोला काय ते."

"काय बोलू? घरात गर्भिणी असताना साधं झाड तोडत नाहीत. हा तर पिंपळ. पिंपळ तोडला की वंशाचा..."

"बास," काकू म्हणाल्या. "पुढचं तोंडातून काढू नका."

"मी काही मनचं नाही सांगत."

"मग भिंत पडली तर चालेल? ते पण शास्त्रात बसतं का?"

 दुसऱ्या दिवशी काकांनी आपणच मिस्त्रीला बोलावले. पहिला मिस्त्री आला, वर पाहिले, कान पकडले आणि गेला. दुसरा मदनपुऱ्याकडचा मुसलमान मिस्त्री होता. पांढरी दाढी, खिशात ओळंबा. त्याने भिंतीला ओळंबा लावला, जिभेने च्यक् केले आणि म्हणाला, "जितनी जल्दी हो, पंडितजी."

"तर मग काढा हा."

"मैं?"

"तुम्हारे यहाँ मनाई थोडीच आहे," काका हिंदी-मराठीची मिसळ करत म्हणाले.

मिस्त्री हसला. "वाह पंडितजी! पीपल आपका, दीवार आपकी, और पाप मेरे सिर? मनाही नहीं है, मगर रहना तो मुझे भी इसी शहर में है. आप पहले अपने भगवान से तय कर लीजिए. दीवार मैं बाद में देख लूँगा."

काकू पदराआड हसल्या. काका नाही हसले.

माझे वाचन त्या दिवसांत धड होत नव्हते. खाट मी खोलीच्या मध्यभागी ओढली होती. वाचताना नजर सारखी तड्याकडे जायची. मुलगी आली की मला खोली सोडायची होतीच, त्याचे दुःख नव्हते. पण वर्षाच्या मध्यावर वसतिगृहात जागा मिळत नव्हती. मी गेले तर घरी परत जाणार, आणि परत गेलेली मुलगी पुन्हा इकडे यायची नाही हे मला पक्के ठाऊक होते. काकू एकदाही "तुझं बघ" म्हणाल्या नाहीत. उलट आल्यागेल्याला सांगायच्या, "ही आमच्याकडेच राहील, पोरीच्या खाटेशेजारी खाट टाकू." त्यांच्या अशा बोलण्याने मला जास्तच ओशाळल्यासारखे व्हायचे. मी ग्रंथालयात जायची, अर्ध्या तासात उठायची, व्हरांड्यात फेऱ्या मारायची, पुन्हा येऊन बसायची.

अशाच एका दिवशी मला तो उल्लेख सापडला. रोमच्या बाहेर देआ दिआ नावाच्या देवीची राई होती आणि ती सांभाळणारे पुरोहितांचे एक मंडळ होते. एकदा त्या देवळाच्या छपरात अंजिराचे झाड उगवले. काढल्याशिवाय देऊळ टिकणार नाही, आणि काढावे तर ती जागा देवीची. मी ते पान दोनदा वाचले आणि सामान पिशवीत कोंबून घराकडे निघाले. गोदौलियाच्या चौकापर्यंत रिक्षात मला धीर धरवत नव्हता.

काका जेवायला बसले होते. मी ताटाशेजारीच बसले आणि सांगू लागले.

"छपरात? आपोआप?" काकांनी घास हातात धरला.

"हो. मग त्यांनी आधी प्रायश्चित्ताचे बळी दिले. मग झाड काढलं. काढून झाल्यावर पुन्हा दिले. आणि काका, झाड खाली आणण्याची एक देवता, ते फोडण्याची दुसरी, जाळण्याची तिसरी. प्रत्येकीचं नाव घेऊन वेगळा बळी."

"म्हणजे प्रत्येक कर्माची अधिष्ठात्री वेगळी." काकांचा घास अजून हातातच. "बळी कसला?"

"मेंढ्या वगैरे."

"शिव शिव." त्यांनी घास खाल्ला. थोड्या वेळाने म्हणाले, "पण माणसं पद्धतशीर होती हं. आधी आणि नंतर, दोन्ही. आणि देवता कोण ते ठाऊक नसलं तर?"

मी 'देव असशील किंवा देवी असशील' हे सांगितले. काका एकदम ताट सोडून उठले. काकू ओरडल्या, "अहो, भात राहिलाय!" ते आचवून आले आणि मला विचारू लागले जणू मीच त्या मंडळाची सभासद होते. राईत लोखंड नेलेले चाले का? मी म्हटले, नेले तर त्याचेही प्रायश्चित्त असे. मंत्रात शब्द चुकला तर? तर सगळे पहिल्यापासून.

"आपल्याकडे आहे हे," काका म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "मूर्तीसाठी लाकूड आणायचं असलं की आदल्या संध्याकाळी झाडाला नैवेद्य देतात आणि त्यावर जे कोणी राहत असतील त्यांना सांगतात, बाबांनो, आता दुसरीकडे बिऱ्हाड करा. भिंतीतल्या पिंपळासाठी कोणी करत नाही. पण करू नये असं कुठे म्हटलंय? आणि आपण तोडायचा नाहीच. मुळासकट काढून हलवायचा."

"हलवून कुठे?" काकूंनी विचारले.

"गंगेत सोडू."

"जिवंत आहे तो. जिवंताला कोणी सोडतं का?"

जागेचा प्रश्न मी सोडवला. विद्यापीठाच्या आवारात झाडांना तोटा नव्हता. आमच्या विभागामागच्या माळ्याला विचारले तर तो म्हणाला, "ले आइए, एक कोना है."

राहिला प्रश्न विचारण्याचा. यजमान म्हणून काका विचारणार हे धरलेलेच होते. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट उघडकीला आली. मी काकूंना भाजी निवडता निवडता दुसऱ्या एका रोमन झाडाची हकिकत सांगत होते. संस्थापकाने टेकडीवर फेकलेला भाला रुजून ते झाड झाले, अशी समजूत होती. त्याचे पान जरा मलूल दिसले की येणारा-जाणारा ओरडायचा आणि आग लागल्यासारखे लोक भांडी घेऊन पाणी घालायला धावायचे. त्या गोष्टीचा शेवट मात्र मी काकूंना सांगितला नाही. शेजारच्या पायऱ्या दुरुस्त करताना मजुरांनी खणले, मुळे दुखावली आणि ते झाड वाळले.

"आपल्या पिंपळाला कोण बाई धावतंय पाणी घालायला," काकू म्हणाल्या. "शनिवारी घालीन म्हटलं तरी हात पोचत नाही तिथवर."

"मग उन्हाळ्यात तो हिरवा कसा राहतो, काकू?"

त्यांनी शेंग तशीच धरून माझ्याकडे पाहिले. त्या उठल्या आणि जिन्याने गच्चीवर गेल्या. मी मागोमाग. गच्चीच्या कोपऱ्यात तुळस होती. रोज सकाळी देवांच्या अंघोळीचे पाणी काकू तिथे ओतत. ते पाणी पायाखाली येऊ द्यायचे नाही, म्हणून जिथे कोणी चालत नाही असा कोपरा. तुळस पाणी पिऊन उरलेले कठड्याच्या बुडाशी जायचे. तिथे एक भोक होते, बोटभर रुंद. काकूंनी तांब्या आणून हळूच पाणी ओतले. ते भोवरा होऊन भिंतीत गेले.

"म्हणजे रोज मीच पाजत होते," काकू म्हणाल्या.

मला वाटले त्या रडतील. त्या खाली बसल्या, कठड्यावरून वाकून पिंपळाच्या शेंड्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सासूबाईंनी मला ही जागा दाखवली. म्हणाल्या, इथे कोणाचा पाय लागत नाही." मग जरा वेळाने, "बरोबरच की. नाहीच लागला कोणाचा पाय."

त्या दिवशी त्यांनी काकांना सांगून टाकले की पिंपळाला त्या स्वतः विचारतील.

संध्याकाळी गच्चीवर दहीभात, दिवा आणि पाण्याचा तांब्या ठेवला. काकांनी संकल्पाला सुरुवात केली. काकूंनी हात वर केला. "तुम्ही थांबा जरा. त्याला तुमचं संस्कृत कशाला? पाणी मी मराठीत पाजलंय." काका थांबले. मला हसू आले आणि भीतीही वाटली. काकूंनी पदर डोक्यावरून घेतला, कठड्याला हात टेकले.

"बाबा रे, किंवा बाई गं, जे कोणी असशील ते. माझी लेक येतेय. तिला खोली हवी. तुला मी मोकळ्या जागेत नेऊन लावते. राग धरू नकोस. धरायचाच तर माझ्यावर धर, पोरीवर नको."

खाली घाटावर आरतीची घंटा वाजत होती. वाऱ्याने पाने हलली. पण पिंपळाची पाने वारा नसतानाही हलतात, त्यामुळे त्याचा काय अर्थ घ्यायचा हे मला कळेना. काका डोळे मिटून उभे होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. "तय हो गया?" त्याने विचारले. "हो गया," काकू म्हणाल्या. त्याने विटा एकेक करून अलगद काढल्या आणि पिंपळ मुळांसकट, दोन विटांना विळखा घातलेल्या अवस्थेत खाली उतरवला. माझे पोस्टकार्डही निघाले, मुळांच्या केसांत गुंतून लगदा झालेले. आत खोलवर गेलेले एक मूळ त्याला तोडावेच लागले. तोडताना काकांनी तोंड फिरवले.

मी तो पिंपळ ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलरिक्षाने विद्यापीठाकडे, लंका म्हणतात त्या भागात, नेला. काशीचे लोक गप्प बसणारे नव्हेत. गोदौलियाच्या चौकात पानवाल्याने विचारले, "दीदी, पीपल की बिदाई है का?" दुसरा म्हणाला, "लड़का क्या करता है?" रिक्षावाल्यानेच उत्तर दिले, "यूनिवरसिटी में है!" मी शरमून गोणपाटाआड तोंड लपवले. माळ्याने खड्डा खणून ठेवला होता.

भिंतीचे काम सुरू झाले. आणि आठवडाभरात जबलपूरहून फोन आला. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होता, फोन आला की बूथवाला दारात येऊन हाक मारायचा. काकू गेल्या त्या पायात चप्पल न घालता. परत आल्या तेव्हा भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"अंगावरून गेलंय म्हणे. डॉक्टरनं उठायलाच मना केलंय. प्रवास नाही."

काकांनी 'मी सांगितलं होतं' असे एकदाही म्हटले नाही, आणि तेच काकूंना सहन होईना. दोन दिवस त्या घरात नुसत्या फिरत होत्या. एक भांडे उचलायचे, दुसरीकडे ठेवायचे. मिस्त्रीची थापी वाजली की दचकायच्या. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी रागाचं नाव काढायला नको होतं. धरायचाच तर धर, असं म्हटलं मी. त्याच्या मनात नसलं तरी मीच घातलं. अगं, तुझ्या त्या रोमात शब्द चुकला तर काय करायचे म्हणालीस?"

"पहिल्यापासून, काकू. सगळं पुन्हा."

"मग चल."

काकू एवढ्या वर्षांत गोदौलियाच्या पलीकडे फारशा गेलेल्या नव्हत्या. रिक्षात त्या देवघरातला तांब्या दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, वर झाकणी. विद्यापीठाचे मोठे दार आल्यावर त्यांनी नमस्कार केला. विभागामागच्या कोपऱ्यात पिंपळ उभा होता. पाने पिवळी पडून गळू लागलेली. काकूंनी खोडाला हात लावला आणि सगळे पुन्हा म्हटले, रागाचे वाक्य तेवढे वगळून. मग पाणी घातले.

माळी लांबून पाहत होता. "माताजी, रोज इतना देंगी तो सड़ जाएगा."

"रोज नाही हो, आजच," काकू म्हणाल्या, आणि त्याला मराठी कळत नाही हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

त्यानंतर रोज तासाआधी आणि तासानंतर मी तिथे जाऊन यायची. काकू संध्याकाळी विचारत आणि मी "तसंच आहे" म्हणायची. जबलपूरहूनही दर फोनला तेच उत्तर येई, "तसंच आहे." सरांच्या प्रश्नाला मी एवढे शोधले होते की रोमन लोक बळीच्या आतड्यांत होकार पाहत. तिथे होकार दिसला नाही तर दुसरा बळी, मग तिसरा, होकार येईपर्यंत. हे लिहून मी सरांना दाखवले. ते म्हणाले, "तो फिर मना करने का रास्ता कहाँ है?" तो प्रश्न वहीत उतरवून मी परत आले.

माघ अर्धा सरला तेव्हा डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. जावई मुलीला घेऊन आला. ती आली ती हसतच. नव्या गिलाव्यावर तळहात ठेवून म्हणाली, "आई, माझ्या खोलीत एवढं झाड होतं आणि मला पत्ता नाही! आणि ऐकते काय, तू लंकेपर्यंत गेलीस? मी चार वर्षं तिथे शिकले, एकदा तरी आलीस का?"

"तू कुठे मुळं तोडून गेली होतीस," काकू म्हणाल्या आणि तिची दृष्ट काढू लागल्या.

मी खालच्या पाठशाळेमागच्या कोठीत बिऱ्हाड हलवले. काकांनीच ती माझ्यासाठी रिकामी करून घेतली होती, तिथली पोथ्यांची कपाटे स्वयंपाकघरात नेऊन. फाल्गुनात दवाखान्यात काकूंच्या लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. काका पेढे घेऊन मिस्त्रीच्या घरी स्वतः गेले.

विद्यापीठातल्या सगळ्या पिंपळांना तेव्हा तांबूस पालवी फुटली होती. आमच्या पिंपळाला नाही. माळ्याने त्याची एक काडी मोडून दाखवली. आत कोरडी ठक्क होती. ते मी काकूंना सांगितले नव्हते, कारण त्यांनी बाळंतपणाच्या धांदलीत विचारले नव्हते.

बारशाच्या दिवशी सकाळी मी खिडकीला तोरण बांधायला वर गेले. वाकून खिळा शोधताना बाहेरच्या नव्या गिलाव्यातून काहीतरी चकाकले. एकच पान. नखाएवढे, तांबूस, ओले असल्यासारखे. मला क्षणभर आनंद झाला आणि लगेच भिंतीचा तो फुगवटा आठवला. मी हळूच काकूंना बोलावले. त्या नातीला खांद्यावर घेऊन आल्या.

त्यांनी पाहिले. "गच्चीतलं भोक तर बुजवलंय," म्हणाल्या. मग विचारले, "तिकडचं कसं आहे?"

"वाळलं, काकू."

"मग हे तेच." त्या बाळाच्या पाठीवर थोपटत राहिल्या.

एवढे महिने जो प्रश्न घेऊन मी हिंडत होते तो माझ्या तोंडून निघाला. "काकू, त्या संध्याकाळी ते हो म्हणालं, हे तुम्हाला कसं कळलं होतं?"

"कुठे कळलं? आणि नाही म्हणालं असतं तर मी काय थांबले असते? पोरगी यायची होती."

"मग विचारलं कशाला?"

काकूंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू एम.ए.पर्यंत शिकलेल्या मुलीने हे विचारावे याचे त्यांना खरोखर नवल वाटत होते. "न विचारता कसं काढायचं गं?"

खालून कोणीतरी हाक मारली, पाहुणे आले होते. काकू निघाल्या आणि दारात थांबल्या.

"तुझे रोमवाले दुसऱ्यांदा विचारायचे का?"

"दर वेळी."

"मग आज राहू दे त्याला. बारशाचं जेवण होऊ दे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या कोठीत शेवटचे प्रकरण पुढ्यात घेऊन बसले होते. सरांच्या ओळीखाली मी काकूंचे 'न विचारता कसं काढायचं' हे वाक्य लिहून ठेवले होते, ते प्रबंधात कसे बसवायचे हे सुचत नव्हते. पलीकडे पाठशाळेतल्या मुलांची संथा सुरू होत होती. तेवढ्यात वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज ऐकू आला. "बाबा रे, किंवा बाई गं, जे कोणी असशील ते..." मी कान दिला, पण पुढचे शब्द मुलांच्या घोषात बुडून गेले.